करंट की पेट्रोल

माझ्या वडिलांना जावई पसंत नव्हता. लग्न आम्ही दोघांनी आमचं आम्हीच ठरवलं होतं, आणि मंडप-डेकोरेशनचा धंदा हा बाबांच्या लेखी धंदाच नव्हता. ते फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन पारशिवनीजवळ आमच्या गावी शेती करत होते. नागपूरला आले तर आमच्या जरीपटक्याच्या घरी उतरत, पण यजमानांशी बोलणं माझ्यामार्फत. "जवायाले सांग, पंखा आवाज करून राहिला." यजमान तिथेच बसलेले असत.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात चुलतबहिणीचं लग्न निघालं. मंडप आमचाच. बाबा डोळे दाखवायला रामदासपेठेत आले होते, ते आमच्याबरोबरच परत निघाले. ट्रक लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, फौजेतून बाद झालेला. मागे बांबू, कनाती, दिव्यांच्या माळा. पुढे आम्ही तिघं, मी मधे.

कन्हानचा पूल ओलांडला आणि गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. यजमानांनी पाय सोडला की ती शांतपणे धडधडत राही. वेग द्यायला गेलं की बंद. शेवटी एका बाभळीखाली त्यांनी ती उभी केली.

"पेट्रोलमध्ये कचरा आहे," यजमान म्हणाले.

"करंट तुटून राहिला," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

यजमानांनी पेट्रोलची नळी सोडवून फुंकली, कार्बोरेटर उघडून पुसला. गाडी चालू झाली, शंभर पावलं गेली, बंद. मग बाबांनी प्लग काढले, चिंधीने पुसून परत बसवले. पुन्हा तेच. दोघांचे शर्ट पाठीला चिकटले होते आणि दोघंही आपलंच खरं करत होते. मांडव संध्याकाळच्या आत उभा व्हायला हवा होता. तिकडे काकांच्या अंगणात सगळे वाट बघत असणार, आणि मंडप आमचा, म्हणून बोलणीही मलाच बसणार.

मला त्यांनी चालकाच्या जागेवर बसवलं होतं. इंजिन सुरू करायचं सेल्फचं बटण पायाखाली होतं. ते म्हणतील तेव्हा दाबायचं, एवढंच माझं काम. दाबून दाबून पाय भरून आला. पण तिथे बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडी जागेवर उभी असतानाही, मी पायाने इंजिनचा वेग थोडा वाढवला की ती त्याच ठिकाणी मरत होती. गरम असो, थोडी थांबून निवलेली असो, पाय तेवढाच खाली गेला की बंद.

मी दोघांनाही खिडकीशी बोलावून ते करून दाखवलं.

बाबांनी खिडकीतून माझ्या पायाकडे बघितलं. "परत कर वं."

मी परत केलं.

त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या डब्याचं, झाकण काढलं. ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलची जाड वायर इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची होती, आणि दुसऱ्या हाताने आतले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडायचे होते. त्यांना डोळ्यांत औषध घातल्यामुळे जवळचं नीट दिसत नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"जवाईबापू, वायर तुम्ही धरा. रबरावर धरा, झटका बसंल."

यजमानांनी वायर धरली. बाबांनी वाळल्या काडीने पॉइंट उघडले. निळी ठिणगी पडली. मग त्यांनी पॉइंटखालची चकती बोटाने किंचित फिरवली. वेग वाढला की ती आपोआप अशीच फिरते, असं ते म्हणाले. पुन्हा काडी लावली. ठिणगी नाही. चकती मागे आणली, ठिणगी आली.

"मामाजी, ही बारकी वायर," यजमान वाकून म्हणाले. चकतीला जोडलेली बोटभर वायर वरून धडधाकट होती. त्यांनी ती चिमटीत धरून हलवली. आतलं तांबं तुटलेलं होतं. वायर सैल असली की टोकं भिडत, ताणली की सुटत.

"दुसरी कुठून आणाल इथं?" बाबांनी विचारलं.

यजमान मागे चढले आणि दिव्यांच्या एका माळेतून वायरचा तुकडा कापून घेऊन आले. बाबांनी तो बोटांनी वाकवून पाहिला. "नरम आहे. चालते." दोघांनी मिळून तो बसवला. मी सेल्फ दाबला, पाय हळूहळू खाली नेला, आणि इंजिन मोकळं झाल्यासारखं ओरडलं.

उरलेल्या रस्त्यात पेट्रोलचं नाव कोणी काढलं नाही. मी खिडकीशी बसले, कारण बाबांना इंजिनचा आवाज ऐकायला मधे बसायचं होतं. मांडव दिवस मावळताना उभा राहिला. एका बाजूची माळ जळत नव्हती; काकांनी विचारलं तेव्हा बाबांनीच सांगितलं, "ते जवायानं गाडीले दिली."

पुढच्या आठवड्यात, आम्ही अजून गावीच असताना, यजमान नवी वायर बसवायला नागपूरला निघाले. बाबा नको म्हणत होते. "काहून बदलता? चालून राहिली ना." त्यावर दोघांची अर्धा तास जुंपली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, आणि मला कोणी हाक मारली नाही.