छातीभर पाणी

मला सवत आली ती लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर, आणि तीही सांगलीत. रोज सकाळी अकराला आमचे हे तिच्याकडे जायचे, ते अगदी खुशीत. मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत टॉवेल घेऊन बसायची. सवत म्हणजे पाणी. उपचाराच्या हौदातलं, कोमट, छातीभर.

हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गोठ्यात पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले. आमच्या उंब्रजला तशी सोय नाही, म्हणून आम्ही सांगलीत नणंदेकडे महिनाभर मुक्काम ठोकला.

घरात हे मला हात लावू देत नसत. पुढे हे वॉकर आपटत चाललेले आणि मागे मी दोन्ही हात पसरून. दंड धरायला गेले की खेकसायचे, "सोड गं, मी काय ल्हान पोर हाय का?" रात्रंदिवस उशापायथ्याशी मी, आणि माझाच हात यांना नको.

हौदात मात्र हाच माणूस लोण्यासारखा मऊ. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणायची, "काका, अंग सोडा," आणि हे सोडायचे! पाठीवर तरंगत, डोळे मिटून, पाठीखाली फक्त तिचा एक तळवा. घोरायचे तेवढे बाकी राहायचे. त्या मुलीचा मला राग नव्हता, पोर गुणी होती. माझा जळफळाट व्हायचा तो पाण्यावर.

एकदा तिनं मला समजावलं, "काकू, छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाणी शरीराला उचलून धरतं. खुब्यावर भार अगदी थोडा येतो. आणि तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही, सावरायला वेळ मिळतो." मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढं सगळं करायला मीही तयार आहे की, पण मला विचारतंय कोण.

माझं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. पाण्याची विहीर चढाखाली. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर कळशी, असं आणलेलं पाणी आम्ही वाटीवाटीनं वापरायचो. पाण्याचं वजन किती, हे मला कुणी शिकवायला नको, माझी मान सांगेल. आणि इथे तेच पाणी माझ्या नवऱ्याला अलगद उचलत होतं आणि कौतुक करून घेत होतं. "पान्यात लय बरं वाटतंय," हे लेकीला फोनवर सांगायचे. माझ्या भाकरीबद्दल एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझा संयम सुटला. व्यायाम संपवून हे पायऱ्यांनी बाहेर येत होते. पाण्यातून वर येताना दर पायरीला अंगाचं वजन परत येतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एका बाजूला ती मुलगी होती. वरून दुसऱ्या पायरीवर त्यांचा पाय थरथरला, तशी मी दुसऱ्या बाजूनं हात पुढे केला. त्यांनी तो सगळ्यांसमोर झटकला आणि लोखंडी कठडा धरला.

रागावले की मी माहेरचं बोलते. "त्या पान्याला सगळं अंग देताय, आन् माजा हात नगं? मी काय परकी हाय?"

हौदातल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. हे कठडा धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तुज्या अंगावर पडलो म्हंजी? ब्याण्णव किलोचा हाय मी. पान्याला काय हुतंय? तू मोडशील."

म्हणजे इतके दिवस मी जळत बसले होते आणि हा माणूस माझ्या हाडांची काळजी वाहत होता. डोळे भरून आले, पण राग गेला नाही, उलट वाढला. मला काय पेलतं ते मला न विचारताच यांनी ठरवून टाकलं होतं.

"आवं, डोक्यावर दोन घागरी आन् कमरंवर कळशी घिऊन चढ चढलीय मी," मी म्हणाले. "तवा पानी मी उचलत हुते. ठेवा खांद्यावर हात."

त्यांनी ठेवला. आधी नुसता टेकवला, परक्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसावं तसा. मी मान ताठ केली आणि जागची हलले नाही. मग वरची पायरी चढताना त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला. माझ्या गुडघ्यातून कळ गेली.

"जड हुतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, आणि मागे वळून एकदा त्या हौदाकडे बघून घेतलं.