आलुबुखाराचा डोळा

कुठलंही झाड दिसलं की आमच्या शेजारचे काका त्याच्या सालीवर अंगठ्याचं नख ओढायचे, खालचा रंग बघायचे आणि म्हणायचे, "आत हिरवं आहे." मग ते कितीही वाळकं दिसो, त्याला पाणी सुरू. आमच्या सोसायटीतल्या झाडांवर ते ओरखडे तुम्हाला अजून दिसतील. माझ्या कढीपत्त्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं, आणि त्यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं.

काकांच्या घरात पणजोबांपर्यंत सगळे बडोदा संस्थानच्या फौजेत. काका मात्र रेल्वेत. निवृत्तीनंतर त्यांनी बडोद्यात, हरणी भागात, आमच्या भिंतीला भिंत लावून टेनामेंट, म्हणजे अंगणवालं जोडघर, घेतलं. मुलाने कुलूकडची मुलगी केली तेव्हा ते बरेच दिवस सुनेशी बोलले नाहीत. तिने माहेराहून आलुबुखाराचं एक रोप आणलं होतं, तिच्या वडिलांनी स्वतः बांधलेलं कलम. पुढे लवकरच ते वडील गेले. त्या रोपाशी मात्र काका पहिल्या दिवसापासून बोलत होते.

बडोद्याच्या उन्हात आलुबुखार लावणं म्हणजे शुद्ध हट्ट. थंड मुलखातल्यासारखी हिवाळ्यात झाडाला झोप लागावी म्हणून काका त्याची पानं हाताने खुडायचे आणि मुळाशी बर्फ ठेवायचे. "झोपू दे त्याला," म्हणून आम्हाला फाटकाशी मोठ्याने बोलूही द्यायचे नाहीत. मी हसायचे. सून हसायची नाही. बर्फ आणायला ती त्यांच्याबरोबर जाऊ लागली आणि तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं.

यंदाच्या पावसात तिकडे डोंगर खचला आणि तिच्या माहेरची सगळी बाग नदीत गेली. ती तशीच तिकडे धावली. वडिलांच्या हातचं आता एवढं एकच झाड उरलं होतं, काकांच्या अंगणातलं, आणि तेही उन्हाळ्यापासून सुकत चाललं होतं. गारव्यासाठी काकांनी बुंध्याशी मातीची भर घातली होती. त्या मातीतून एक फोक जोमाने वर आला. काका हरखले. सगळी ताकद त्याला मिळावी म्हणून त्यांनी वरच्या मरगळलेल्या फांद्या छाटून टाकल्या.

गणपती उठल्यावर सून परत आली. हातातली पिशवी न ठेवताच ती झाडापाशी गेली. फोकाची पानं लहान, गोलसर होती आणि त्याला काटा होता. तिने बोटांनी माती उकरली. मी कुंपणाच्या भिंतीअलीकडून बघत होते. फोक कलमाच्या सांध्याच्या खालून फुटला होता, म्हणजे कलम ज्यावर बांधलं होतं त्या रानटी खुंटाचा होता. सांध्याच्या वरचं, वडिलांचं जे होतं, ते काकांनी आपल्या हाताने कापलं होतं.

तिने माती झटकून सांधा मोकळा केला. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. काका खाली बसले आणि सांध्यावरची साल नखाने पुन्हा पुन्हा ओढत राहिले. सांध्याच्या वर, एका बाजूला, लांबट पानांची एक काडी छाटायची राहून गेली होती.

"यातला कोंबाचा डोळा काढून त्या फोकात भरता येईल," ती म्हणाली. "पप्पा करायचे. मी नुसतं बघितलंय."

काकांनी सुरी उकळत्या पाण्यातून काढून तिच्या हातात दिली. काडीवर कामाचे डोळे तीनच होते. पहिला निघतानाच फाटला. दुसराही.

"शांती राख, बेटा," काका म्हणाले.

तिसरा डोळा फोकाच्या चिरेत सरकला. तिने पट्टी बांधली आणि डोळ्याखालचा पानाचा देठ तेवढा बाहेर ठेवला. पंधरा-वीस दिवसांनी त्या देठाला बोट लावायचं. अलगद गळला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर मेला.

ते दिवस आले तशी सून रोज विचारायची, बघू या का. काका म्हणायचे, उद्या. रोज सकाळी हात पाठीमागे बांधून ते झाडापुढे उभे राहायचे. मला वैताग यायला लागला. एकदाचं बघून टाका, मी त्यांना म्हणाले.

"मेला असेल तर?"

"तर मेला. कळेल तरी."

"माझं काही नाही हो, पण तिला कळेल," काका म्हणाले. "आज निदान तिला आशा आहे ने."

नवरात्रात एका दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सोसायटीने त्या रात्री गरबा बंद ठेवला. अंगण माणसांनी भरलं. कोणाचा धक्का लागू नये म्हणून सून झाडाला पाठ लावून उभी होती, कोरड्या डोळ्यांनी. सासऱ्याला रडलीसुद्धा नाही, असं बायका कुजबुजल्याच.

तिसऱ्या दिवशी, माणसं पांगल्यावर, तिने मला भिंतीपाशी बोलावलं. तुम्ही फक्त उभ्या राहा, म्हणाली. मग देठाला बोट लावलं.

देठ गळून तिच्या तळहातावर पडला. वर डोळा फुगलेला होता, टवटवीत, हिरवा.

ती तिथेच मातीत बसली आणि कितीतरी वेळ रडली. भिंतीच्या अलीकडे मीही रडत होते.

"बाबा रोज इथे उभे राहायचे, काकी," ती म्हणाली. "तेव्हाच हा लागलेला होता."