दादाचा साबण

दादाचा मला आजही राग येतो. पन्नासच्या दशकात तो मुंबईला एका साहेबाकडे ड्रायव्हर होता. एका मे महिन्यात साहेबाची दोन सीटची, टप नसलेली स्पोर्ट्स गाडी घेऊन तो रत्नागिरीला घरी आला. का, तर आईला तिच्यातून गणपतीपुळ्याला न्यायचं! अख्खी वाडी गाडीभोवती जमली. मला मात्र आधी पेट्रोलचा वास आला.

मी तेव्हा बंदरावर लाँचची इंजिनं दुरुस्त करायचो. बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. पेट्रोलच्या तांब्याच्या नळीचे दोन्ही टोकांचे पितळी जोड तडकलेले, आणि या शहाण्यानं त्यांवर कपड्यांचा साबण थापून वर चिंधी बांधलेली. शेजारी तापलेलं इंजिन!

"घाटात पेटली असती म्हणजे?"

"मुंबैहून आलो तो काय पोहत आलो? साबण घट्ट बसलाय."

असल्या माणसाशी बोलायचं तरी काय? आई बसणार होती त्या गाडीत. मी नळी काढली, टोकं कापून, जोडात घट्ट बसावीत म्हणून त्यांची तोंडं नव्यानं फुलवली. नव्या जोडांचे आटे जुळेनात, तेव्हा बंदरावर जाऊन जुन्या इंजिनांतले दोन शोधून आणले. दादा ओटीवर चहा पीत ओरडत होता, "आटप रे, मुहूर्त टळेल!"

शेवटचा जोड आवळायचा राहिला होता. खाली पेट्रोल सांडलेलं. तेवढ्यात आई पेटतं निरांजन घेऊन गाडीला ओवाळायला निघाली. दादानंच बोलावली होती. मी ओरडलो तरी ती येतच राहिली. मी धावलो आणि पायरीवरच तोंडानं फुंकून निरांजन विझवलं.

"मेल्या, देवाचा दिवा फुंकलास!" आई रडायलाच लागली.

"जाऊ दे गो आये," दादा म्हणाला, "त्याला काय कळतंय?"

मला! माझे हात कोपरापर्यंत पेट्रोलनं भिजलेले होते. दात-ओठ खात मी जोड आवळला, जमीन धुतली, इंजिन चालू करून जोडांवरून बोट फिरवून पाहिलं. दोन्ही जोड कोरडे ठणठणीत. मग ती दोघं गेली. तिसऱ्याला जागा नव्हतीच.

संध्याकाळी आई शेजारणींना सांगत होती, "थोरल्यानं असा साबण लावलान, जाऊन येऊन एक थेंब नाय गळला. ह्यानं मात्र माझा दिवा फुंकलान."

दादा तिच्या शेजारीच बसला होता. प्रसादाच्या पेढ्यानं तोंड भरलं होतं म्हणून असेल, पण तो काही बोलला नाही.