मालकांना विचारून सांगते

घाट उतरून एसटी पनवेलच्या सपाटीला लागली आणि डाव्या हाताच्या डोंगररांगेवर अंगठ्यासारखा एक सुळका दिसला. शेजारचे आजोबा म्हणाले, "तो कर्नाळा." मी गंभीरपणे मान हलवली. सांगलीहून निघाल्यापासून मी प्रत्येक गोष्टीला गंभीरपणेच मान हलवत होते. कारण मी सहलीला निघाले नव्हते. बीएच्या तिसऱ्या वर्षाची का होईना, पण मी संशोधक होते.

विषय होता ‘महिला सरपंच आणि गावातले निर्णय’. आमच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, मिरजेजवळचं एखादं गाव घे, जाणं-येणं सोपं. मी म्हटलं, तिथे सगळे माझ्या बाबांना ओळखतात, तटस्थता राहणार नाही. खरं कारण असं की नवीन पनवेलला माझी मावशी राहते आणि तिच्या हातची मासळी मला फार आवडते. हे कारण प्रकल्पाच्या प्रस्तावनेत बसत नव्हतं.

मावशीने दार उघडताच विचारलं, "केतू, पनवेलला कसलं गं संशोधन? इथे फ्लॅटच्या भावाशिवाय कुणी कशावर बोलत नाही." मी तिला माझं गृहीतक समजावून सांगितलं: बाई नावाला सरपंच, कारभार नवऱ्याचा. निष्कर्षही मी सांगलीतच लिहून आणला होता. फक्त तो खरा आहे एवढं गावात जाऊन बघून यायचं राहिलं होतं.

गाव आपट्याच्या पलीकडे, पाताळगंगेच्या काठी. नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. संशोधनात तशी पद्धत असते, आणि या गावाच्या बाबतीत तेवढी एकच पद्धत मी नीट पाळली. आपट्याच्या थांब्यावर सरपंच गुलाबताईंचे यजमान बाळारामभाऊ मोटारसायकल घेऊन मला न्यायला आले होते. वाटेत त्यांनी पंचायतीचा इतिहास, पाण्याची योजना, शाळेचं छप्पर असं सगळं सांगून टाकलं. मी मागे बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. सरपंचाला भेटायच्या आधीच गृहीतक सिद्ध!

घरी गुलाबताईंनी चहा दिला. चाळिशीच्या, उंच, बोलताना थेट डोळ्यांत बघणाऱ्या. मी प्रश्नावली उघडली.

"ताई, पंचायतीचे निर्णय तुम्ही कसे घेता?"

"मालकांना विचारते," त्या म्हणाल्या. (मालक म्हणजे नवरा.)

"आणि मालक?"

"ते काय, हाय समोर. विचार त्यांनाच."

भाऊ खाकरले. "म्याडम, आमी काय, सल्ला देतो."

मी खुशीत परतले. पुढच्या खेपेलाही हेच झालं. पण तिसऱ्या खेपेला भाऊ पनवेलला कामाला गेले होते आणि गुलाबताई वालाच्या शेतात शेंगा तोडत होत्या. भात निघालं की या भागात त्याच जमिनीत वाल करतात. मीही मदतीला बसले. शेंग तोडता तोडता आख्खा वेलच हातात आला, तेव्हा त्यांनी माझी टोपली हळूच स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, "तू बोल फक्त. बोलायला बरं जमतं तुला."

तेवढ्यात बांधावरून एका पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी हाक दिली. "वहिनी, झाला का विचार?"

"मालकांना विचारून सांगते, भावोजी."

ते हसून निघून गेले. हे विलासशेठ, भाऊंचे चुलतभाऊ, जमिनींचे व्यवहार करणारे. गावाबाहेर मोठं गोडाऊन व्हायचं होतं. त्याचा रस्ता नदीकाठाने, बायकांच्या धुण्याच्या घाटावरून आणि स्मशानाच्या कडेने जाणार होता. त्याला पंचायतीची ना हरकत हवी होती. शेठ गावातल्या प्रत्येकाच्या अडीअडचणीला धावून जाणारे. कुणाचा पोरगा नोकरीला लावलेला, कुणाची आई इस्पितळात पोचवलेली. त्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"मग भाऊ काय ठरवणार?" मी विचारलं.

गुलाबताईंनी शेतात इकडेतिकडे पाहिलं. मग हसल्या. "मालक काय ठरवतील? शेठ त्यांच्याकडं गेला की ते म्हणतात, सरपंच ती, तिला विचार. माज्याकडं आला की मी म्हणते, मालकांना विचारते. गणपतीपासून फिरतोय बिचारा. रस्ता मना (मला) द्यायचा नाय. पण घरच्या माणसाला नाय कसं म्हनू? त्याच्या पोरीला मी अंगाखांद्यावर वाढवलेली, आता तिची हळद आली. दमेल आणि दुसरीकडनं रस्ता काढेल."

सांगलीहून आणलेला निष्कर्ष तिथेच वालाच्या वेलात पडला आणि त्या जागी एक नवा, चकचकीत, माझा स्वतःचा निष्कर्ष उभा राहिला. ‘मालकांना विचारते’ ही शरणागती नव्हती, ती ढाल होती! मी ताईंना वचन दिलं, तुमचं नाव कुठेही छापणार नाही. छापलं नाहीच. छापायची गरजच उरली नाही, इतक्या झटपट मी ते तोंडाने सांगून टाकलं.

त्याच शनिवारी भाऊंनी मला पोपटीला बोलावलं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा (रानात उगवणारा वासाचा पाला) थर देऊन त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पाचोळा पेटवायचा. दिवस मावळताना सगळे शेतात जमले. भांबुर्डीचा तो कडवट, औषधी वास, वाफाळणाऱ्या शेंगा, बोटं भाजत सोललेली अंडी. मी चौथ्यांदा शेंगा घेतल्या आणि सुखावले. सुखावलेला संशोधक फार धोकादायक.

विलासशेठ माझ्या शेजारीच बसले होते. आदराने म्हणाले, "म्याडम, तुमच्या अभ्यासातून काय निघालं? आम्हा अडाण्यांना पण सांगा."

आजवर मला कुणीच हे विचारलं नव्हतं. आमच्या सरांनीसुद्धा नाही. मी घसा साफ केला.

"लोकांना वाटतं की सरपंचांचे पती कारभार करतात," मी म्हटलं. "पण हा गैरसमज आहे. या गावात सगळे निर्णय ताई स्वतः घेतात. ‘मालकांना विचारते’ हे फक्त वेळ काढण्याचं राजकीय तंत्र आहे."

‘तंत्र’ या शब्दावर मी जरा जोरही दिला.

पाचोळा तेवढा तडतडत होता. गुलाबताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. भाऊंनी एक अंडं सोललं आणि माझ्या हातात दिलं. "खा गो पोरी." तोंड बंद ठेवायला याहून सौम्य उपाय नव्हता, पण उशीर झाला होता.

विलासशेठ हसले. "असं होय! मग बरं झालं. वहिनी, सोमवारी ग्रामसभा हाय. तिथंच विचारतो. आता मालकांना विचारायचं कारण नाय ना?"

भाऊंनी मला आपट्याच्या थांब्यावर सोडलं. मी तीनतीनदा माफी मागितली. त्यांनी मोटारसायकल बंद केली. मग म्हणाले, "बायकोच्या नावावर राज्य करतो म्हणून गावानं मना किती शिव्या घातल्या. सगल्या गिळल्या, कारण शिव्या मना बसल्या तर शेठ तिच्यावर रुसनार नाय. आता सांग, सोमवारी काय करायचं?"

राज्यशास्त्राच्या कुठल्याच पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

मावशीला सगळं सांगून मी म्हटलं, उद्याच सांगलीला जाते. तिने ताटात सुकट वाढली आणि म्हणाली, "आग लावून पळणाऱ्याला संशोधक म्हणत नाहीत गं. सोमवारी जा. शिव्या पडल्या तर खाऊन ये."

गेले. समाजमंदिर भरलं होतं. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. खांब माझ्या मानाने बारीक होता. विलासशेठनी विषय मांडला, फार चांगला मांडला: रस्ता, नोकऱ्या, गावाचं नाव. मग म्हणाले, "सरपंचांनी सांगावं."

गुलाबताई उठल्या. "मी मालकांना..." सवयीने तोंडातून निघालं आणि पुढून कुणीतरी फिदकन हसलं. त्या थांबल्या. पदर खोचला. मला वाटलं, आता या खाली बसतील आणि तो रस्ता माझ्या नावाने होईल.

"भावोजी, तुमी आमच्या घरचे," त्या म्हणाल्या. "म्हनून इतके दिवस तोंडावर बोलले नाय. आज बोलते. घाटावरनं गाड्या गेल्या तर बायांनी पान्यावर जायचं कुठनं? आपली मानसं आपन जाळतो, त्याच्या उशाशी ट्रक उभे राहनार? माजं म्हननं, नाय. आता सभेनं ठरवावं."

हात वर करायला सांगितलं. पहिल्यांदा एकही हात वर गेला नाही. जो तो शेठच्या उपकाराकडे बघत होता. मग भाऊंनी हात वर केला. हळूहळू बायका. पुरुषांतले काही, खाली बघत. ना हरकत नाकारली गेली, पण फार थोड्या हातांच्या फरकाने. विलासशेठ चहा न घेता निघाले. जाताना गुलाबताईंसमोर थांबून एवढंच म्हणाले, "पोरीच्या हळदीला तुमाला त्रास नको, वहिनी. आमी बघून घेऊ."

हळद म्हणजे इकडे लग्नाहून मोठा सोहळा. गुलाबताईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सभा पांगल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागे घेतले.

"रागावला असाल ताई."

"रागावलेच हाय," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या बोलायलाच लागलं असतं, ते खरं. पण हळद झाल्यावर बोलले असते ना गो." मग म्हणाल्या, "लिव तुला काय लिवायचं ते. गावाला माहीत झालं, आता लपवायचं काय?" आणि फडक्यात बांधलेले वाल माझ्या पिशवीत टाकून त्या घाटाच्या दिशेने निघून गेल्या.

माझ्या प्रकल्पात अजून एक गाव उरलं होतं, कोन गावाच्या पुढचं, द्रुतगती मार्गाच्या आवाजात बुडालेलं. तिथल्या सरपंच माझ्याहून थोड्याच मोठ्या, नवीन लग्न झालेल्या. मी पहिला प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं, "ह्यांना विचारून सांगते." आणि हे बोलताना त्यांनी माझ्याकडे अशी एक नजर टाकली, की आठवडाभरापूर्वी मी त्या नजरेच्या मागे धावत थेट स्वयंपाकघरात शिरले असते. मी पेनाला टोपण लावलं, चहा प्यायले, त्यांच्या नणंदेच्या बाळाच्या बारशाला येण्याचं कबूल केलं आणि निघाले.

परतीच्या एसटीत घाट चढताना कान दडपले. पिशवीतल्या वालांचा वास शेजारच्या सीटपर्यंत जात होता. मी जग समजून घ्यायला गेले होते. त्या गावाने मला समजून घेतलं, आणि वर जेवायलाही घातलं. माझ्या निष्कर्षाची किंमत मात्र एका बाईने भरली, तिच्या हातावर वाढलेल्या मुलीच्या हळदीने.

सरांनी प्रकल्प वाचला. गुलाबताईंचा भाग त्यांना फार आवडला. मग पान उलटून म्हणाले, "पण या दुसऱ्या गावाबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. ही बाईसुद्धा तशीच ढाल वापरते का?"

"माहीत नाही, सर. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, सर."