खर्ड्याच्या किल्ल्यात मी पुरलेला खजिना

हसायचं असेल तर शेवटी हसा, कारण मध्येच हसलात तर पुढचं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. या गोष्टीत शहाणं माणूस एकच आहे आणि ते मी नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा नगरला सावेडीत नवे नवे राहायला आलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत माझे साडू अविनाशराव आपली व्हॅन घेऊन पुण्याहून सहकुटुंब आले. हे गृहस्थ कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीत राहून आले होते आणि येताना दोन गोष्टी शिकून आले होते. एक म्हणजे, ज्या गावी जाऊ त्या गावची बिअर चाखून पाहायची. बिअरमध्ये त्या गावचं पाणी बोलतं, असं त्यांचं म्हणणं. दुसरी गोष्ट म्हणजे एक खेळ. एकानं डबा लपवायचा, नकाशा काढायचा आणि बाकीच्यांनी होकायंत्र घेऊन तो शोधायचा.

दोन्हींची हौस एकाच दिवशी फेडायची असं ठरलं. खर्ड्याच्या किल्ल्यावर सहल. मी, माझी बायको सुनंदा, अविनाशराव, त्यांची बायको रेखा, दोघांची मिळून चार पोरं आणि राहात्याहून आलेल्या आमच्या सासूबाई.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. शेतकरी घरातली, कमी बोलणारी बाई. माझ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं. सुपारीसुद्धा न खाणारा जावई म्हणून त्या माझं नाव चारचौघांत घेत. ते मत टिकवायला मला काही कष्ट पडत नव्हते, कारण त्या राहात्याला असत.

जामखेडला सासूबाईंची मावसबहीण राहायची. बायका-पोरं तिच्याकडे चहाला गेली आणि आम्ही टायरची हवा बघायला म्हणून निघालो. हवा बघायचं ठिकाण म्हणजे हमरस्त्यावरचं एक परमिट रूम. लाईट गेलेले, फ्रिज बंद, बाटल्या कोमट. अविनाशरावांनी तीन निरनिराळ्या बिअर मागवल्या. दरेकीचा एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि 'ही जरा कडवट, खडकाळ भागातली दिसते' असं काहीतरी म्हणायचं. त्यांना गाडी चालवायची होती, म्हणून उरलेली माझ्याकडे. अन्न टाकू नये हा आमच्या घरचा संस्कार, त्यामुळे मी काही टाकलं नाही. तिसरी संपत आल्यावर मी लेबलं वाचली. तिन्ही एकाच कारखान्यातल्या होत्या. पण अविनाशरावांचा चेहरा इतका तृप्त होता की मी बोललो नाही. उलट संध्याकाळसाठी आणखी एक बाटली घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि व्हॅनच्या पुढच्या सीटखाली सारली.

किल्ल्यापाशी लिंबाच्या झाडाखाली जेवणं झाली. डबा लपवायचा मान माझ्याकडे आला, कारण जिल्हा माझा. कॉफीचा उंच डबा होता. त्यात चॉकलेटं आणि एक शिट्टी. अविनाशरावांनी व्हॅनची किल्ली माझ्या हातात दिली आणि डबा काढून घेऊन दार नीट लावा म्हणाले.

व्हॅनपाशी आल्यावर मला वाटलं, शिट्टीसाठी कोण जीव तोडून शोधणार? खेळाला रंगत हवी. म्हणून मी ती किल्लीच डब्यात टाकली. आता सगळे मनापासून शोधतील. डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, पिशवीत घातला. तेवढ्यात आठवलं की परतताना पुढच्या सीटवर सासूबाई बसणार. बाटली तिथं नको. ती काढली. आता माझ्या दोन्ही हातांत दोन सारखी गाठोडी. एक मागच्या सीटखाली खोल सारलं, बटण दाबून दार लावलं आणि दुसरं घेऊन किल्ल्यात गेलो. शुद्धीतल्या माणसाला वजनातला फरक कळला असता.

बुरुजाच्या पायथ्याशी मऊ माती बघून पुरलं, वर दगड ठेवले आणि नकाशा काढला. नकाशा काढताना मला तो फार सुंदर वाटला होता.

पोरांनी तो सरळ धरला, उलटा धरला. दाखवलेल्या जागी विहीर निघाली. अविनाशराव म्हणाले, उत्तर चुकलीय. मी म्हणालो, उत्तर कशी चुकेल, ती काय माझ्या बापाची आहे? मग मलाच शोधायला लावलं, तेव्हा लक्षात आलं की बुरूज बरेच आहेत आणि सगळे एकसारखे आहेत.

इतक्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली. गोळी व्हॅनमध्ये. सुनंदानं किल्ली मागितली. किल्ली कुठं आहे ते मी सांगितलं आणि तिनं पदर खोचला.

मग खेळ संपला आणि शोध सुरू झाला. सात-आठ माणसं दगड उचलताहेत, एक जण होकायंत्र घेऊन पावलं टाकतोय. शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. ते जवळ आले.

"काय हुडकताय?"

"डबा."

"कुनी ठिवलाय?"

"मीच."

"मंग कुटं ठिवलाय?"

"तेच शोधतोय."

बाबांनी मान हलवली आणि शेळ्या तिथंच सोडून गावाकडे गेले.

थोड्याच वेळात निम्मं गाव किल्ल्यात. नगरचे लोक नकाशा आणि सुई घेऊन निजामाचं धन काढायला आलेत, ही बातमी आमच्या खाणाखुणांशी इतकी जुळत होती की मलाही क्षणभर खरी वाटली. पोलीस पाटील आले. त्यांनी बजावलं की जे निघंल ते पंचांसमोर उघडायचं. डब्यात चॉकलेटं आहेत म्हटल्यावर ते समजूतदारपणे हसले. कुणी नारळ आणला. एकानं विचारलं, तुमच्यात पायाळू कोण आहे, धन पायाळूलाच दिसतं. सुनंदा म्हणाली, आमचे हे डोक्याकडूनच जन्मले, पण डोक्याचा उपयोग त्यानंतर झालेला नाही.

शेवटी सासूबाई उठल्या. माझ्या पँटकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या पायाला कुसळं चिकटलीत. कुसळाचं गवत त्या कोपऱ्यातल्या बुरुजापाशीच हाय. तितं बगा."

तिथं बघितलं. दगड सरकवताच पिशवी दिसली. गर्दी मागे सरली, नारळ फुटला. पोलीस पाटलांनी गाठोडं दोन्ही हातांनी वर घेतलं आणि वर्तमानपत्र अदबीनं उलगडलं.

आतून बिअरची बाटली निघाली. सीलबंद.

मला त्याच क्षणी कळलं की डबा कुठं आहे. किल्ली डब्यात, डबा व्हॅनमध्ये आणि व्हॅनला कुलूप.

"ही कुनाची?" पाटलांनी विचारलं.

मी अविनाशरावांकडे बघितलं. ते होकायंत्रात उत्तर शोधत होते. अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं.

"माजी हाय," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्याला चोळाया."

त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की पाटलांनी बाटली पुसून त्यांच्या हातात दिली. म्हातारबाबांनी गुण येतो का म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ज्याच्या त्याच्या गुडघ्यावर हाय.

गावातल्या एका टेम्पोवाल्यानं काचेच्या फटीतून पट्टी घालून व्हॅनचं दार उघडून दिलं. सासूबाईंनी गोळी घेतली, पोरांना शिट्टी मिळाली आणि आम्ही निघालो. सासूबाई पुढच्या सीटवर, बाटली मांडीवर. जामखेड मागे पडलं. मी मागून हळूच म्हणालो, आई, चुकलं माझं.

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुमचे सासरे रोज घ्यायचे," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर घर हुडकलं, पन बाटली एकदाबी घावली न्हाई. आन् तुमी लपवली ती गाव गोळा करून, नारळ फोडून काडली. सोडून द्या जावईबापू. तुमच्यानं व्हायचं न्हाई ते."

तेव्हापासून मी थेंबाला शिवलेलो नाही. लोक म्हणतात, काय संयम आहे. संयम कसला, नापास होऊन घरी बसलेला माणूस मी.