उजव्या पायाचं माप

बोरीवलीत केतन शहांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान आहे. पुढे सूट, टाय, बूट आणि उंच आरसे. मागे पडद्याआड ऑल्टरेशनची खोली. त्या खोलीत सुगंधा परब अकरा वर्षं मशीनवर बसल्या. पँटची लांबी कमी करा, बाही आखूड करा, कंबर सैल करा. त्यांचे वडील गिरणीत कापड तपासायला होते. कापड नुसतं चिमटीत धरून सांगायचे, हे धुतल्यावर आटणार. ती नजर मुलीत उतरली होती. पुढे सेल्समन काय चुकीचं विकतात हे सुगंधाताईंना मागे बसून कळायचं, कारण दुरुस्तीला सगळं त्यांच्याकडेच यायचं. दोनदा त्यांनी केतनभाईंना सांगितलं, मला पुढे उभं करा.

"सुगंधाबेन, पुरुष गिऱ्हाईक बाईला माप देताना लाजतो."

"लाजला तर लाजू दे. दोन मिनिटांचं काम आहे," त्या म्हणाल्या. विषय तिथेच राहिला.

मागच्या डिसेंबरात विद्याधर कर्णिक पत्नीला, क्षमाला, घेऊन दुकानात आले. वय अठ्ठावन्न, सिव्हिल इंजिनिअर. मुलगी अबोली हिच्या रिसेप्शनला सूट हवा होता. दुकानातला सगळ्यात जुना सेल्समन निहार. त्याने फिकट राखाडी सूट, चमकणारा मरून टाय आणि बिनलेसचे टोकदार बूट काढले. कर्णिक ट्रायल रूममधून बाहेर आले, आरशात एकदाच बघितलं आणि टाय सोडायला लागले.

"क्षमा, राहू दे. मला सूट शोभतच नाही. झब्बा घालतो."

"आपल्या लग्नातही हेच म्हणाला होतात!"

निहारने घाईघाईने सुगंधाताईंना हाक मारली. पँटची लांबी जमली की सर मानतील, असं त्याला वाटलं. त्या टेप, खडू, टाचण्या घेऊन आल्या आणि खाली बसल्या. डावा पाय ठीक होता. उजव्या घोट्यावर मात्र कापडाचा गोळा झाला होता.

"दोन्ही बाजू अर्धा इंच वर घ्या, ताई," निहार म्हणाला.

त्यांनी टाचणी लावलीच नाही. कर्णिकांचे रोजचे बूट बाजूला काढून ठेवले होते, ते उचलून उलटे केले. उजव्याची टाच बाहेरून झिजून तिरकी झाली होती. डाव्याची शाबूत होती.

"साहेब, उजवा पाय कधी मोडला होता?"

कर्णिकांनी उजवा पाय किंचित मागे घेतला. "कॉलेजात असताना. घोडबंदर रोडला स्कूटरवरून पडलो. तुम्हाला कसं कळलं? माझ्या ऑफिसात तीस वर्षांत कुणाला कळलं नाही."

"बूट बघितले ना. शिवाय उजवा खांदाही उतरलाय."

"कितीदा म्हटलं यांना, शिंप्याला सांगा म्हणून," क्षमाबाई म्हणाल्या. "सांगायची लाज!"

"सूट शोभत नाही असं काही नाही, साहेब. आजवर सगळ्यांनी तुमच्या एकाच पायाचं माप घेतलं. हा उतरवा."

निहार पुढे झाला. "ताई, सरांनी पसंत केलाय तो."

"त्यांनी नाही रे, तू केलास."

गल्ल्यावरून केतनभाई बघत होते.

सुगंधाताईंनी गडद निळा, जरा जड कापडाचा सूट काढला. हलकं कापड प्रत्येक चुणी दाखवतं, जड कापड सरळ पडतं. टाय वाइन रंगाचा, बारीक ठिपक्यांचा, अजिबात न चमकणारा. बूट काळे, लेसचे. "आत टाचेखाली गादी भरली की बिनलेसच्या बुटातून पाय निसटतो," त्या म्हणाल्या. "उजवा पाय अर्धा इंच आखूड आहे. पाव इंच बुटात भरू, पाव इंच पँटमध्ये काढू. सगळा बुटात भरला तर चाळीस वर्षांची चाल बिघडेल, कंबर धरेल." उजव्या खांद्यात पातळ पॅड घालायचं ठरलं. बुटात ती गादी घालून, कर्णिकांना सरळ उभं करून, त्यांनी दोन्ही पायांचं वेगवेगळं माप घेतलं.

गुरुवारी कर्णिक ट्रायलला आले. कोटाचं बटण लावून आरशासमोर उभे राहिले. मग वळले आणि दरवाज्यापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले.

"काय झालं? टोचतंय का कुठे?" क्षमाबाईंनी विचारलं.

"काही नाही गं. चालून बघतोय."

रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी क्षमाबाईंनी दुकानाच्या फोनवर फोटो पाठवला. कर्णिक स्टेजवर लेकीशेजारी ताठ उभे होते, दोन्ही खांदे एका रेषेत. केतनभाईंनी फोटो मोठा करून पँटच्या दोन्ही कडा पाहिल्या.

"सोमवारपासून पुढे या, सुगंधाबेन."

"येते. पण मागे मशीनवर कुणाला तरी घ्या. दोन्हीकडे मी धावणार नाही."

मशीनसाठी वाकोल्याची श्रुतिका आली. निहार चार दिवस घुश्श्यात होता. पाचव्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, स्वतःच जवळ आला.

"ताई, तुम्ही नक्की काय बघता?"

"आठवडाभर कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस. कसा उभा राहतो, कुठल्या पायावर भार टाकतो, ते बघ. कपडे मग काढ."

पुढच्या शनिवारी दुकान भरलेलं असताना तो त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजला, "तो चौकडीच्या शर्टवाला. एक हात लांब आहे ना?"

सुगंधाताईंनी मान वर करून पाहिलं.

"डावा. जा, माप घे."