अर्धा चमचा अंडं आणि श्रावण

नाताळात मरोळच्या आमच्या ख्रिस्ती शेजारणीनं दिलेल्या केकचा एकच घास माझ्या नऊ वर्षांच्या बहिणीनं खाल्ला. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिला अंडं सोसत नाही, असं अंधेरीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि उपाय म्हणून अंडंच द्यायला लावलं. भांडंभर पाण्यात अंड्यातल्या पांढऱ्याचा एक थेंब, त्यातलं चमचाभर. दर आठवड्याला किंचित जास्त. हळूहळू शरीराला सवय लागते म्हणे. "पण एक दिवसही चुकवू नका," त्यांनी बजावलं.

मी तेव्हा रूढींविरुद्ध पत्रकं लिहायचो आणि स्वतःच वाटायचो. आषाढ सरेपर्यंत बहीण अर्धा चमचा पांढरं पचवू लागली. तो मला विज्ञानाचा विजय वाटला. मग श्रावण आला. एरवी आमच्याकडे मासळी शिजे, पण श्रावणात अंड्याचं टरफलही घरात चालत नसे.

"महिनाभर थांबू या का रे?" आईनं विचारलं.

मी तासभर बोललो. अंधश्रद्धा, पोरीचा जीव, सगळं काढलं.

"बरं बाबा, देते," ती म्हणाली.

श्रावण संपल्यावर एका रविवारी माझ्यासमोरच तिनं अर्धा चमचा दिला. "दादा, घसा खाजतोय," बहीण म्हणाली, आणि पुढचं तिला बोलताच येईना.

तिला खांद्यावर टाकून मी डॉक्टरांकडे धावलो. आई मागून अनवाणी.

इंजेक्शन देतादेताच डॉक्टरांनी विचारलं, "मध्ये खंड पडला होता?"

"एक दिवससुद्धा नाही!" मी ठणकावलं.

"तुला नाही विचारलं. वहिनी, तुम्ही सांगा."

आईनं बहिणीचा गार पडलेला हात धरला. "श्रावणभर नुसतं पाणी दिलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू ऐकून घेतोस कधी? सभा भरवतोस."

"दोघंही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले. "तिचा श्वास ऐकू द्या."

आम्हीही ऐकत राहिलो. शिट्टी मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. बऱ्याच वेळानं तो आवाज बारीक होत गेला. बहिणीनं डोळे उघडून पाणी मागितलं.

"आता पुन्हा पहिल्या थेंबापासून," डॉक्टर म्हणाले.

"आणि पुढच्या श्रावणात?" आईनं विचारलं.

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. गिळलं.

"घरात नको, इथं दवाखान्यात येऊन घेतलं तर तुला चालेल?" मी आईला विचारलं.

"चालेल की," आई म्हणाली.

तासभर बोलताना मी तिला एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.